डाव्या बाजूची नोंद

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण माझ्याशी पाच मिनिटं बोलणाऱ्याला ती कळतेच. कुणी आमच्याकडच्या कार्याला स्टीलचा डबा आणला, की तो आमच्या कुठल्या आहेराची परतफेड आहे हे मी डब्याचं झाकण उघडायच्या आत सांगू शकतो. शेजारच्या वहिनींनी वाटीभर साखर नेली आणि वाटीभर परत आणली, तर वाटी तीच होती का, याकडे माझं लक्ष असतं. आमची सौ. म्हणते, "तुमच्या छातीत हृदय नाही, खतावणी आहे." मी हा आरोप नाकारत नाही. वीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर माणसाच्या छातीत आणखी काय राहणार?

आमच्या धंद्याचा एकच मंत्र आहे. प्रत्येक नावे रकमेला कुठेतरी जमा असलीच पाहिजे. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. उजव्या बाजूने काय केलं हे डाव्या बाजूला त्याच दिवशी कळलं नाही, तर संध्याकाळी ताळा जमत नाही, आणि ताळा जमला नाही तर घरी जायला मिळत नाही. म्हणून, उजव्या हाताने केलेलं दान डाव्या हाताला कळू देऊ नका अशा अर्थाची येशू ख्रिस्ताची शिकवण मी प्रथम ऐकली तेव्हा माझा पहिला विचार असा होता, की या गृहस्थांनी बी.कॉम. केलेलं दिसत नाही.

हे मी ज्यांच्याकडून ऐकलं ते आमच्या शाखेचे हेडकॅशिअर. सगळी शाखा त्यांना मामा म्हणे, आणि ते सगळ्या शाखेला भाचे समजत. मराठीत एखाद्याचा मामा करणे या प्रयोगाला जो अर्थ आहे, तो आम्ही पुरेपूर वसूल केला. कुणाची मुलगी आजारी, कुणाची सासू यायची, कुणाला मॅटिनी बघायची. काउंटर सांभाळायला मामा. दमट नोटांची वास मारणारी बंडलं मोजायला मामा. मामा मूळचे नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. दर रविवारी उपासनेला जायचे, आणि नाताळात डबा भरून करंज्या आणि शंकरपाळे आणायचे. पहिल्या वर्षी मी केकच्या आशेने सकाळी उपाशी गेलो होतो. पण करंज्या अशा होत्या, की नंतर मी कुठल्याच केकची आठवण काढली नाही.

तर या शाखेत माझी बदली झाली ती चाकणला. चाकणचं नाव पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी घेत. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथे मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं. शाळेत मला याचं फार आश्चर्य वाटे. चिंचवडहून रोज स्कूटरने चाकणला जाऊ लागल्यापासून वाटत नाही. आता चाकणला जाणारा प्रत्येकजण अडतोच. खान निदान घाईत नव्हता. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल, मग दोन्ही बाजूंना कारखाने, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, आणि त्या सगळ्यांच्या फटीतून जीव मुठीत धरून जाणारा मी. शिवाय बँकेत बोटाचा ठसा देऊन हजेरी. एक मिनिट उशीर झाला तरी यंत्र ते टिपतं, आणि यंत्राला करंजी देऊन काही उपयोग नसतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पूल ओलांडून थोडा पुढे गेलो, तर रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली. जवळच कुठल्याशा कारखान्याचा निळा गणवेश घातलेला पोरगा चिखलात बसला होता, एक हात दुसऱ्या हाताने धरून. कपाळावरून रक्त येत होतं. गाड्या त्याला वळसा घालून जात होत्या. मीही वळसा घातला. खोटं कशाला सांगू, मी वेग जरा कमीसुद्धा केला. पण तेवढ्या पाच सेकंदांत माझ्या डोक्यात पूर्ण ताळेबंद तयार झाला. हजेरी चुकणार. पोलीस नाव लिहून घेणार. इस्पितळात अनामत रक्कम भरायला लावणार. कोर्टाच्या तारखा पडणार. शर्ट पांढरा आहे. आणि एवढी माणसं जात आहेत, त्यातलं कुणीतरी थांबेलच. हा शेवटचा मुद्दा मला फार पटला. तो माझ्या पुढच्या आणि मागच्या प्रत्येक माणसाला तितकाच पटलेला असणार, हे त्या वेळी सुचलं नाही.

मी वेळेत पोचलो. यंत्राने माझं बोट ओळखलं. आणि मग कळलं की मामा आलेले नाहीत.

हेडकॅशिअर आला नाही म्हणजे काय होतं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. दहा वाजले, सव्वादहा, साडेदहा. बाहेर व्यापारी, पगारवाले, पेन्शनर यांची रांग. रांगेत प्रथम कुजबुज, मग उपहास, मग बँकांच्या राष्ट्रीयीकरणावर भाषण. मामांचा फोन लागेना. मॅनेजरसाहेब पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझाऱ्या घालू लागले. अशा प्रसंगी मी वरिष्ठांना धीर देतो. "साहेब," मी म्हटलं, "माणसाला जबाबदारीची जाणीव पाहिजे. मीही त्याच रस्त्याने येतो. मी कसा आलो वेळेवर?"

हे वाक्य आजही रात्री कधीकधी मला जागं करतं.

मामा अकरा वाजता आले. शर्टाच्या बाहीवर डाग, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. म्हणाले, "माफ करा, रस्त्यात थांबावं लागलं." बस्, एवढंच. तिजोरी उघडली. दुपारी मामांना मेमो मिळाला. उत्तरात त्यांनी लिहिलं, 'वैयक्तिक कारणामुळे उशीर झाला, क्षमस्व.' तो कागद जावक वहीत मीच चढवला. वैयक्तिक कारण म्हणजे नक्कीच साखरझोप, असा विनोदही मी केला, आणि त्याला बऱ्यापैकी हशा मिळाला.

तीन आठवड्यांनी एक पोरगा गळ्यात हात अडकवून शाखेत आला. हाताला प्लास्टर, कपाळावर टाक्यांची खूण. अंगात निळा गणवेश. माझ्याच काउंटरशी येऊन विचारू लागला, "साहेब, ते पांढऱ्या केसांचे, चष्मेवाले कॅशिअर इथंच असतात का? त्यांनी दवाखान्यात माझ्यासाठी पैसे भरले होते. नाव सांगत नव्हते. पण त्यांच्या खिशाला बँकेचा बिल्ला होता."

त्या क्षणी माझ्या आयुष्याची सगळी तेरीज चुकली. मी बोटाने मामांचा पिंजरा दाखवला आणि पाणी प्यायला उठलो. पाणी पिऊन झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

संध्याकाळी शाखा रिकामी झाल्यावर मी मामांसमोर जाऊन बसलो. ते सुट्टी नाणी थैलीत भरत होते. म्हटलं, "मामा, एक सांगायचं होतं. त्या दिवशी त्या पोराच्या बाजूने मी गेलो होतो."

"माहीत आहे, भाचेबुवा," मामा नाण्यांवरची नजर न काढता म्हणाले. "तुमच्या मागे चार गाड्या सोडून मीच होतो. स्कूटर ओळखली मी."

म्हणजे मॅनेजरच्या केबिनबाहेर मी जबाबदारीवर प्रवचन देत होतो, हे मागाहून त्यांच्या कानावर गेलं असणार. साखरझोपेचा विनोद तर त्यांच्या देखतच झाला होता. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तर मेमो रद्द झाला असता आणि माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? याआधी दोनदा मीही असाच वळसा घालून गेलोय. तेव्हाही कामावर वेळेत पोचलो होतो. तिसऱ्यांदा थांबलो. तुमची आत्ता एकदाच झाली आहे."

मग त्यांनी मला ती शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. लूकच्या शुभवर्तमानात आहे म्हणे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या उताराच्या रस्त्यावर एका प्रवाशाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला. एक याजक आला, पलीकडून निघून गेला. एक लेवी आला, म्हणजे तोही मंदिराच्या सेवेतलाच. तोही पलीकडून गेला. मग ज्याच्याशी यहुदी लोक उठणंबसणं ठेवत नसत असा एक शोमरोनी आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेऊन रात्रभर शुश्रूषा केली, आणि सकाळी तिथल्या रखवालदाराच्या हातावर दोन दीनार ठेवले.

दीनार म्हटल्याबरोबर माझ्यातला कारकून जागा झाला. मामा म्हणाले, एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोन दिवसांचा पगार आगाऊ. हे मी समजू शकतो. पण पुढे तो रखवालदाराला सांगून गेला, की याहून जास्त खर्च झाला तर परत येताना मी भरीन. आता सांगा, हा काय व्यवहार झाला? मर्यादा नाही, तारण नाही, मुदत नाही, जामीनदार नाही! असं कर्जप्रकरण आमच्याकडे कुणी मंजूर केलं तर त्याची चौकशी लागेल. मी तसं मामांना म्हटलंही. मामा इतके हसले की नाणी पुन्हा मोजावी लागली. म्हणाले, "अहो, गोष्टीत तेच तर सांगायचंय. हिशेब करत बसलेले दोघे आधीच पुढे गेले होते."

त्या दोघांत तिसरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

घरी येऊन मी माहिती काढली, आणि कळलं की माझी निम्मी भीती कालबाह्य होती. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला पोलिसांनी आणि इस्पितळांनी त्रास देऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमच आलं: सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याच्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. या कलमाचं इंग्रजी नाव त्या शोमरोनी माणसावरूनच पडलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतला एक परका वाटसरू आमच्या पुणे-नाशिक रस्त्याच्या कायद्यात येऊन बसला, आणि मला पत्ता नाही! इतकंच नव्हे, गंभीर जखमीला पहिल्या तासात इस्पितळात पोचवणाऱ्याला सरकार बक्षीस देतं. २०२१ साली पाच हजार होतं, २०२५ साली पंचवीस हजार केलं.

पंचवीस हजार वाचल्यावर मला दुसऱ्या दिवसाची सकाळ होईना. मोडलेला हात 'गंभीर' या सदरात बसवण्यासाठी कुठले कागद लागतील याची यादी करून मी मामांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, घडी घातली, आणि टेबलाचा एक पाय आखूड होता त्याखाली सरकवली.

"मामा, हे तुमचं हक्काचं आहे," मी म्हटलं. "निदान जमेची एक तरी बाजू दाखवू या."

"जमा आधीच झालीये हो," ते म्हणाले. "माझी पणजी केडगावच्या मुक्तिसदनात वाढलेली. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी उचलून आणलेली पोर. कुठल्या रस्त्याच्या कडेला सापडली, आईबाप कोण, तिलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती माणसं वळसा घालून गेली असती, तर मी आज तुमच्या समोर बसलो नसतो. मी पोराला उचललं ते दान कसलं? जुन्या कर्जाचा एक हप्ता आहे. हप्ता भरल्याबद्दल बँक कधी बक्षीस देते का?"

यावर वाणिज्य शाखेच्या पदवीधराला उत्तर नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची जमा, आणि तिची नावे नोंद मामा आज लिहीत होते. एवढा जुना हिशेब आमच्या बँकेतसुद्धा निघत नाही. रमाबाईंचं नाव मला पाठ्यपुस्तकापुरतं माहीत होतं. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना केडगावला आणलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण सगळं शहाणपण त्या पोरींना खाऊपिऊ घालण्यात आणि पायांवर उभं करण्यात लावलं. पुढे बायबलाचं मराठी भाषांतर स्वतः हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा बोलीत. केडगाव आमच्या पुणे जिल्ह्यातलंच. सोलापूरच्या गाडीतून मी कितीदा त्या स्टेशनावरून गेलो आहे. तिथेही वळसाच.

हे सगळं मी घरी सांगितलं. सौ.ने डोळे पुसले, आणि लगेच कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून माझ्यापुढे आपटली. "वाचा," म्हणाली. "रेव्हरंड टिळकही असेच. हातात आलं की दुसऱ्याला देऊन मोकळे. त्यांची सेवा सगळ्यांना दिसली, पण घरातलं पीठ कुठून आलं ते लक्ष्मीबाईंना विचारा. तुम्हांला निःस्वार्थी व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण सुरुवात स्वतःच्या चहाचा कप विसळण्यापासून करा."

ही सूचना मला तेव्हा विषयाला सोडून वाटली. आता तशी वाटत नाही.

टिळकांचंच एक म्हणणं सांगतात, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. तुकोबांच्याच इंद्रायणीवरचा मोशीचा पूल मी रोज दोनदा ओलांडतो, आणि पोचतो फक्त बँकेत.

मामांच्या पिंजऱ्यात एक स्टीलचं छोटं भांडं आणि पांढरा पंचा असे. मला वाटे, नोटा मोजून हात काळे होतात ते पुसायला असेल. पण त्याचं खरं काम मला नोव्हेंबरात कळलं. त्या महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी येतात. यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्राने ओळखलं तर तुम्ही जिवंत. पण जन्मभर खुरपं चालवलेल्या, भांडी घासलेल्या, कारखान्यात लोखंड उचललेल्या हातांवर ठसे उरतात कुठे? यंत्र ओळखत नाही, म्हातारी घाबरते, मागची रांग ओरडते. मामा पिंजऱ्याबाहेर येत, त्या म्हातारीसमोर खाली उकिडवे बसत, तिचा हात आपल्या हातात घेत, आणि ओल्या पंच्याने एकेक बोट हळूहळू पुसत. मग कोरडं करत. मग पुन्हा यंत्रावर ठेवत. कधी तिसऱ्या, कधी पाचव्या बोटाला यंत्र हिरवा दिवा दाखवी.

मी म्हटलं, "मामा, शिपायाला सांगा की."

ते म्हणाले, "आमच्या गुरूने शेवटच्या रात्री काय केलं माहीत आहे? कमरेला रुमाल बांधून सगळ्या शिष्यांचे पाय धुतले. उद्या मरण आहे, आणि हा बसलाय पाय धुवत. पेत्र तर 'माझे नको' म्हणून अडून बसला होता. मोठं काम करायला कुणालाही आवडतं हो, भाचेबुवा. हे असलं करायला घेतलं की आतला साहेब आडवा येतो. त्याला रोज थोडा थोडा खाली बसवावा लागतो. एकदम नाही बसत."

डिसेंबरअखेर मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभात मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या वक्तशीरपणाची तारीफ केली. सर्व्हिसमध्ये उशिरा येण्याचा एकच मेमो, म्हणाले. मामा हसले. मी उठून ते कारण सांगायचं ठरवलं होतं, भाषणाचा कागदही खिशात होता. पण मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कागद खिशातच ठेवला आणि फक्त समोसे वाढले. जाताना ते भांडं आणि पंचा माझ्या टेबलावर ठेवून गेले. वस्तूंच्या यादीत त्यांची नोंद नाही.

परवा एक आजी आल्या. अंगठा लागेना. मामांची जागा रिकामी. शिपाई चहाला गेलेला. मी दोन मिनिटं संगणकाकडे अत्यंत एकाग्रतेने पाहिलं, तरी आजी जाईनात. शेवटी उठलो. भांड्यात पाणी घेतलं, खाली बसलो. गुडघ्यातून आवाज आला तो सगळ्या शाखेने ऐकला. आजींचा हात खरखरीत होता, आणि आश्चर्य म्हणजे गरम होता. चौथ्या बोटाला दिवा लागला. आजी म्हणाल्या, "लई उपकार झाले, लेकरा."

आणि तेवढ्यात, वाचकहो, मी काय केलं असेल? मान वळवून मॅनेजरसाहेबांच्या केबिनकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं की नाही ते बघायला. साहेब फोनवर होते. मला चक्क वाईट वाटलं.

म्हणजे उजव्या हाताने बोटं पुसली, आणि डाव्याने लगेच नोंद लिहायला घेतली. मामांना फोन करून हे सांगितलं, तर ते मनापासून हसले आणि म्हणाले, "चालायचंच. उद्या पुन्हा पुसा."

आज संध्याकाळी घरी आल्यावर मी चहाचा कप विसळला. सौ.ने पाहिलं नाही. मी तिला सांगितलेलंही नाही.

तुम्हांला सांगितलं, एवढंच.